अखेर नळी बसली!

लाकडात लोखंड असं बसवावं, की लाकडाला कळू नये आणि लोखंडाला वाटावं, आपण इथेच जन्मलो! ही कला अवघ्या आखातात एकाच माणसाला अवगत आहे, आणि तो माणूस म्हणजे मी.

हे वाक्य मी मंडळाच्या तालमीत, भर बैठकीत उभा राहून उच्चारलं. टाळ्या पडतील अशी अपेक्षा होती. हशा पडला. कारण ज्या प्लास्टिकच्या खुर्चीतून मी उठलो, ती माझ्याबरोबरच उठली होती आणि मागे घट्ट बसून होती. एका अर्थी माझं म्हणणं तिनं प्रात्यक्षिकासह सिद्ध केलं, पण एवढा सखोल विचार करतो कोण!

आता हा प्रसंग का उद्भवला ते सांगतो. आमचं मंडळ महाराष्ट्र दिन हॉल मिळेल तेव्हा साजरा करतं. यंदा तो मे महिन्याच्या शेवटी आला. त्यात नाटक होतं जिवाईचं. जिवाई ही एका गढीच्या किल्लेदाराची विधवा. सख्खा दीर फितूर होऊन गढीचा दरवाजा शत्रूला उघडून द्यायला निघतो, तेव्हा ही बाई नवऱ्याची ठासणीची बंदूक घेऊन बुरुजावर उभी राहते. ठासणीची म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची ती जुनी, माणसाच्या खांद्याएवढी उंच बंदूक. आणि जिवाईची भूमिका मिळाली होती कुणाला? आमच्या हिला! नीलिमाला!

नीलिमाची रंगभूमीची कारकीर्द तुम्हाला ठाऊक नसेल. मंडळाच्या प्रत्येक नाटकात तिला आईची भूमिका मिळे, आणि प्रत्येक आई पहिल्या अंकात मरे. कधी क्षयानं, कधी धक्क्यानं, एकदा तर नुसती तार वाचून! एका नाटकात ती पडदा उघडायच्या आधीच मेलेली होती आणि नाटकभर भिंतीवर फोटोत हसत होती. त्यामुळे जिवाई मिळाली त्या दिवशी कणीक मळता मळता ती मला म्हणाली, "अहो, या वेळी मी मरणार नाही." कणकेला जो बुक्का बसला, त्यावरून मला ते पटलं.

अडचण होती ती बंदुकीची. गेल्या वर्षीच्या नाटकात खेळण्याची बंदूक वापरली होती. ऐन मरणाच्या वेळी तिनं 'पिव पिव' केलं, निळे दिवे लावले आणि एक इंग्रजी बालगीत वाजवलं. मरणारा मावळा हसत हसत मेला. भारतातून लाकडी बंदूक आणावी, तर विमानतळावर 'बंदूक' हा शब्द मनातल्या मनातसुद्धा म्हणायची सोय नाही.

आमची दिग्दर्शिका संजना. ऑफिसात एचआर मॅनेजर, त्यामुळे तालीमही अप्रेझलसारखी घेते. ती म्हणाली, "हे बघा, पुढच्या शुक्रवारच्या तालमीला बंदूक नसेल, तर जिवाई तलवार घेईल. खलास. आणि तलवार असेल तर जिवाई ममता करेल. ममताला दांडपट्टा येतो."

कोपऱ्यात बसलेल्या ममतानं नम्रपणे मनगट फिरवून दाखवलं. शेजारचा पंखा थांबला की काय असं वाटलं! नीलिमानं स्वतःच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. त्या खांद्यामुळे गेलं वर्षभर हात कानाच्या वर जायला तयार नाही. तलवार घेतली असती तर तिला शत्रूचे फक्त गुडघे कापता आले असते. तिचा चेहरा असा उतरला, की पुन्हा ती भिंतीवरचा फोटो होणार हे मला स्पष्ट दिसलं.

आणि म्हणून मी उठलो. खुर्चीसकट.

*

आमची बंदूक म्हणजे काय, तर लाकडी दस्ता आणि त्याच्या खोबणीत बसवलेली नळी, बस्स! ना दारू, ना गोळी. बार उडाल्याचा आवाज ढोलकीवाला काढणार होता. मग लागतंय काय करायला? असं मी म्हणालो. मी असं म्हणालो की नीलिमा आधी प्रथमोपचाराची पेटी शोधते, पण त्या दिवशी तीसुद्धा "तुम्ही करालच हो!" म्हणाली. बिचारी भूमिकेसाठी किती अगतिक झाली होती बघा!

दस्त्यासाठी मी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात उझैरकडे गेलो. उझैरचा सोफ्यांचा कारखाना. मी त्याला कागदावर बंदुकीचं चित्र काढून दाखवलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"अंकल, ये सोफे का हत्था है."

"बंदूक का दस्ता है, उझैरभाई. नाटक के लिए."

"वही बात है. आप टेन्शन मत लो. मैंने बहुत बनाए हैं."

"दस्ते?"

"हत्थे."

खोबण किती रुंद हवी, हे त्यानं विचारलं. नळी मी घरीच विसरलो होतो. (नळी म्हणजे पाण्याचा एक जुना पाइप, दर्शनच्या गाडीच्या डिकीत बरेच दिवस लोळत होता तो.) मी अंगठा पुढे केला. "इतना." उझैरनं माझ्या अंगठ्याला पेन्सिल लावून माप घेतलं. आम्हा दोघांनाही त्यात काही गैर वाटलं नाही. दोन कलावंत एकत्र आले की असंच होतं!

दोन दिवसांनी गेलो तर दस्ता अर्धा झाला होता. म्हणजे मागची बाजू पूर्ण, तीही सवयीनं सिंहाच्या पंजाची! पंजाला नखंसुद्धा होती. पुढचा भाग मात्र ओंडका, आणि त्यात ओबडधोबड खोबण.

"बाकी?" मी विचारलं.

"बाकी इन्शाल्ला," उझैर म्हणाला आणि बोट दाखवलं. कुणा अरबाच्या मजलिसचे, म्हणजे दिवाणखान्याचे, सोफे कारखाना भरून उताणे पडले होते. "बडा ऑर्डर आ गया, अंकल. बाकी आप घर पे कर लो. दस मिनिट का काम है, यल्ला!"

मी तो ओंडका खांद्यावर टाकून अल नहद्याला आलो. अकराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मुलगा दर्शन एसीच्या कंपनीत इंजिनियर, त्यामुळे आमच्या घरात बारमाही काश्मीर. दूध नासत नाही, लोणी वितळत नाही, आणि खोबरेल तेल बाटलीतून ओतायचं नसतं, चमच्यानं उकरायचं असतं. नीलिमा रोज सकाळी तेलाची बाटली बाल्कनीत ठेवते. बाहेरच्या उन्हात तेल पातळ होतं, मग डोक्याला लावायचं. हा आमच्या घरचा अर्घ्याएवढा नित्यनेम! (हे तेल लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

सून तेव्हा माहेरी पुण्याला गेली होती. ती असती तर यातलं पुढचं काहीच घडलं नसतं. नात पर्णिका मात्र घरी होती. तिनं मोबाइलमधून मान वर करून दस्ता पाहिला.

"आजोबा, व्हाय डू वी हॅव अ बोट पॅडल?"

"ही बंदूक आहे!"

"विथ टोज?"

नव्या पिढीला इतिहास ठाऊक नसतो.

*

पाइप खोबणीवर ठेवला. गेला नाही. दाबला. गेला नाही. वर बसलो. पाइप जागेवरच राहिला, मी घरंगळलो.

मग मी रीतसर अभ्यास केला. म्हणजे यूट्यूब पाहिलं. त्यात एक दाढीवाला गोरा सांगत होता, की नळी बसवायची खरी युक्ती काळ्या रंगात आहे. नळीला काजळीचा लेप फासायचा, नळी खोबणीत दाबायची आणि उचलायची. जिथे लाकडावर काळं उमटेल, तिथे नळी टेकते. तेवढंच लाकूड खरवडायचं. पुन्हा फासायचं, पुन्हा दाबायचं, पुन्हा खरवडायचं. असं करत करत नळी अंगरख्यात हात जावा तशी आत जाते.

काजळी! हात्तिच्या! मराठी घरात काजळाला काय तोटा! नीलिमा तालमीला गेली होती. तिच्या मेकअपच्या डब्यातली काजळाची डबी मी घेतली. खरवडायला पटाशी नव्हती, म्हणून विळी घेतली. विळीच्या टोकाला नारळ खवायची ती दातेरी खवणी असते ना, तीच! एक पाय दुमडून, एक पाय पाटावर ठेवून मी विळीवर बसलो आणि दस्ता उलटा धरून खोबण खवायला लागलो. काय सुरेख चव पडत होता म्हणून सांगू! आमच्या आईनं पाहिलं असतं तर डोळे भरून आले असते. तिला मी कधी एक वाटी खोबरं खवून दिलं नव्हतं.

खोबण इंचाइंचानं, चुकलो, केसाकेसानं रुंदावत होती. काजळ मात्र संपलं. अर्धं नळीला लागलं होतं, उरलेलं मला.

आता काजळ धरणं हे काही मोठं शास्त्र नाही. तुपाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याचं ताट उपडं धरायचं, ताटाला काजळी जमते. मला घाई होती म्हणून मी एक दिवा न लावता दिवाळीच्या उरलेल्या सगळ्या पणत्या लावल्या. हॉलच्या मधोमध. वर छताला एक पांढरी गोल डबी होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. ती माझ्याकडे लक्ष ठेवून होती.

धूर लागताच ती आधी आमच्या फ्लॅटमध्ये ओरडली. मग मजल्यावर. मग सबंध टॉवर बोंबलायला लागला!

"आजोबा!!" पर्णिका ओरडली. "व्हॉट डिड यू डू?"

"काजळ!"

"व्हॉट?"

"पळ!"

पणत्या विझवल्या, आणि आम्ही जिन्यानं निघालो. माणूस आगीतून जे जिवापाड जपतो ते उचलतो म्हणतात. मी दस्ता उचलला. त्याला कारण होतं. शुक्रवार परवावर आला होता.

खाली पार्किंगमध्ये सगळी बिल्डिंग जमली होती. कुणी मांजर घेऊन, कुणी पासपोर्ट घेऊन, एक गृहस्थ तर शिजत आलेला प्रेशर कुकर घेऊन! मी काळाठिक्कर चेहरा आणि खांद्यावर ओंडका अशा अवतारात दारातून बाहेर आलो, आणि गर्दी दुभंगली. आमच्या शेजारीण हव्वाबी हंबरडा फोडून पुढे आल्या.

"या अल्लाह! भाईसाब कितना जल गए!"

"नहीं नहीं, मैं जला नहीं…"

"बोलो मत! बोलो मत!" म्हणून त्यांनी हातातली पाण्याची अख्खी बाटली माझ्या डोक्यावर रिकामी केली. काळं वाहायला लागलं आणि खालून माझा मूळ रंग दिसला, तशा त्या चार पावलं मागे सरल्या. मग त्यांचं लक्ष सिंहाच्या पंजाकडे गेलं. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले.

"जान बचाते भाईसाब! सोफा क्यूँ बचाया?"

तेवढ्यात वॉचमन किसन वरून तपास करून आला. किसन आमच्या राजापूरचा. त्याच्या हातात काजळी धरलेलं तांब्याचं ताट होतं. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काकानू, घरात बारसां हा काय?"

त्याच क्षणी तालमीहून गाडी आली आणि नीलिमा उतरली. तिनं बिल्डिंग पाहिली, ताट पाहिलं, मला पाहिलं. मला वाटलं, आता जिवाई इथेच होणार. पण ती गाडीकडे वळली. गाडीतून तिच्यामागून ममता उतरली. तिच्या हातात तलवार होती. प्रॅक्टिससाठी, पुठ्ठ्याची.

"संजनानं हिला स्टँडबाय ठेवलंय," नीलिमा हळू आवाजात म्हणाली. "होईल ना हो बंदूक?"

माझ्या नाकाच्या शेंड्यावरून एक काळा थेंब ओघळला. "झालीच समज," मी म्हणालो.

*

झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी खवत होतो. पाइप जाईना. ताटावरचं नवं काजळही संपत आलं. त्या दिवशी जेवताना पर्णिका म्हणाली, "आजी, धिस चटणी इज सो क्रंची!" नीलिमाला आपल्या संवादांपुढे काही सुचत नव्हतं, म्हणून वाचलो. विळी धुवायला हवी होती, हे मला तेव्हा आठवलं.

जेवण झाल्यावर नीलिमा आतल्या खोलीत पाठांतराला गेली. मी हॉलमध्ये सोफ्यावर हताश पडलो. छताकडे बघावं तर ती पांढरी डबी रागानं बघते. म्हणून खिडकीकडे बघितलं.

आणि मला ती दिसली. बारीक, लांब, सरळ, तकतकीत! पडद्याची दांडी!

आता या दांडीचा इतिहास. सोनेरी रंग, अंगावर वेलबुट्टी, टोकाला कमळाची कळी. तिच्यासाठी नीलिमानं सगळं ड्रॅगन मार्ट पालथं घातलं होतं. आधी दांडी पसंत झाली, मग दांडीला शोभेल असा पडदा, मग पडद्याला शोभेल असा सोफा. लोक आमच्या घरी आले की ती आधी पाणी देत नाही, दांडी दाखवते.

पण राज्य की दांडी, असा प्रश्न आला की इतिहासपुरुष विचार करत बसत नाहीत. मी पडदा उतरवला. दांडी उतरवली. मापाला लांब होती, करवतीनं कापली. कमळाची कळी काही केल्या निघेना, म्हणून दस्त्यात मागच्या बाजूला तिच्यापुरता खड्डा खवला आणि ती त्यात पुरली. वरून पुठ्ठ्याचा चाप चिकटवला. उरलेलं काजळ खोबरेल तेलात कालवलं. तेल नुकतंच बाल्कनीतून आणलेलं, कसं धारेसारखं पातळ! दांडीला वरपासून खालपर्यंत चोपडलं, खोबणीत दाबलं. अगदी थोडक्यासाठी अडली होती. मी गुडघा दिला.

गेली!

आता रीतीनुसार काढून बघायला हवी होती. पण दर्शन ऑफिसातून आला. घरात पाऊल टाकताच त्यानं एसी अठरावर आणला. आम्ही चहा घेतला. मग मी दांडी उपसायला गेलो, तर निघेना! ओढली. निघेना. दर्शननं ओढली. दस्त्याला मी आणि नळीला दर्शन, अशी रस्सीखेच झाली. निघेना म्हणजे निघेना!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "बसली!" मी म्हणालो. "दर्शन, नळी बसली! एक खिळा नाही, एक स्क्रू नाही! याला म्हणतात हात!"

"बाबा, सेफ्टीला दोन पट्ट्या मारू या ना वरून. क्लॅम्प आहेत माझ्याकडे."

"क्लॅम्प? ताजमहालाला टाचण्या लावतोस?"

खिडकीला मी चिकटपट्टीनं चादर लावली. नीलिमा संवाद पुटपुटत बाहेर आली आणि थबकली.

"पडदा कुठंय?"

"लाँड्रीत."

"आणि दांडी?"

"पॉलिशला."

ती काही म्हणणार होती, पण मी बंदूक तिच्या हातात दिली. तिनं ती खांद्याला लावली. कानाच्या खालीच लावायची असल्यानं दुखरा खांदा काही बोलला नाही. तिनं चादरीवर नेम धरला. आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यासाठी मी घरातल्या सगळ्या दांड्या कापल्या असत्या. आमच्या घरी एकच होती, ही गोष्ट वेगळी.

शुक्रवारच्या तालमीत संजनानं बंदूक हलवून, आपटून, उलटी टांगून पाहिली. नळी ढिम्म! हॉलचा एसीही काश्मीरच होता. "काका, एक्सलंट डिलिव्हरी!" ती म्हणाली. ममतानं तलवार म्यान केली. मी 'लाकूड आणि लोखंड: एक चिंतन' या विषयावर थोडं बोललो. बसूनच बोललो.

*

प्रयोगाच्या दिवशी हॉलच्या सिक्युरिटीला मी आधीच सांगून ठेवलं होतं, की मी बंदूक आणणार आहे. गार्डनं पिशवी उघडून पाहिलं. "बंदूक किधर है सर?" मी दाखवली. त्यानं पंजावरून हात फिरवला. "अच्छा, अच्छा. जाइए." आणि तो हसायला लागला. एवढा अपमान मी पन्नास वर्षांच्या संसारातही सोसला नव्हता.

नेपथ्य झकास होतं. उजवीकडे बुरूज, बुरुजावर किल्लेदाराची आठवण म्हणून बंदूक उभी टेकवून ठेवलेली, तोंड आकाशाकडे. आणि तिच्यावर रोखलेला एक पिवळा झगझगीत दिवा. संजनाची कल्पना. "काका, ऑडियन्सला पहिल्यापासून तुमचं काम दिसलं पाहिजे!" मी विंगेत उभा राहून माझं काम बघत होतो. पहिला अंक संपला, तेव्हा मला बुरुजाच्या करड्या दगडावर एक काळी रेघ दिसली. वरून खाली येत होती. मी म्हटलं, वा, काय बारकावा! पावसाचे डाग!

दुसऱ्या अंकात रेघा तीन झाल्या. एक चकाकत होती. आणि विंगेपर्यंत वास आला. ओळखीचा, घरचा, न्हाणाच्या दिवशीचा वास.

खोबरेल तेल!

मला बाल्कनी आठवली. बाटली आठवली. ऊन आठवलं. नळी हातानं बसली नव्हती हो! नळी थिजली होती! आणि माझ्या मस्तकात प्रकाश पडला तेव्हा रंगमंचावर नीलिमानं बंदूक उचलली होती.

खाली सुदेश. सुदेश म्हणजे फितूर दीर. एरवी तो अल क्वोजला गोदामात सुपरवायझर आहे आणि अत्यंत सज्जन आहे. हातात गढीची भलीमोठी किल्ली घेऊन तो चोरपावलांनी दरवाजाकडे निघाला.

"थांब!" नीलिमा बुरुजावर आली. बंदूक खांद्याला. मी विंगेतून दोन्ही हातांनी खुणा करतो आहे, नळी वर, नळी वर! तिला वाटलं, मी प्रोत्साहन देतो आहे. तिनं नेम धरायला बंदुकीचं तोंड खाली केलं.

नळी निघाली.

पडली नाही, निघाली. लोण्यातून सुरी निघावी तशी, अलगद, आवाज न करता, लांबत लांबत. पुठ्ठ्याचा चाप टप्पकन उडाला. शेवटी खड्ड्यातून कमळाची कळी उसळली, आणि सगळं मिळून खणखणत बुरुजाच्या पायऱ्यांवरून सुदेशच्या पायाशी गेलं. तेलानं काजळ वाहून गेलं होतं. त्या पिवळ्या दिव्यात दांडी झळकली. सोनेरी रंग. वेलबुट्टी. कळी.

नीलिमानं दांडीकडे पाहिलं. मग फार सावकाश मान वळवून विंगेकडे पाहिलं. मी तेव्हा चेहऱ्यासमोर प्रॉम्प्टरची वही धरली होती.

"घरभेद्या!" ती गरजली. हे वाक्य नाटकातलंच होतं, पण नाटकात ते सुदेशकडे बघून म्हणायचं होतं. "ज्या घरचं अन्न खाल्लंस, त्याच घरावर हात टाकलास?" हेही नाटकातलंच. "माझ्या पाठीमागे? मी पाठांतर करत असताना?"

हे नाटकात नव्हतं.

सुदेश गोंधळला. त्याला वाटलं, आपण एक पान पुढे आलो. त्यानं मुकाट्यानं गढीची किल्ली पुढे केली. "घ्या वहिनी."

"किल्ली नको! जिथून काढलीस तिथे परत लाव! आत्ताच्या आत्ता!" आणि ती दस्ता उगारून पायऱ्या उतरली. सिंहाचा पंजा, नखांसकट! दुखऱ्या खांद्याचा हात कानाच्या वर गेला, चांगला वीतभर वर गेला! सुदेश जीव घेऊन पळाला. तो जीव घेऊन पळाला, कारण ती माझ्या दिशेनं धावत होती आणि तो मध्ये होता. तेलावरून त्याचा पाय सटकला, फितुरी तिथेच उताणी पडली. ढोलकीवाल्याला बंदुकीचा बार द्यायचा होता, तो विसरला होता, तो त्यानं नेमका आता दिला. धडाम!

पडदा पडला. नाटकाचा.

आणि मग सबंध हॉल उभा राहिला! शिट्ट्या, टाळ्या, "जिवाई! जिवाई!" मागच्या रांगेतल्या पोरांनी तर खुर्च्या बडवल्या. सुदेशला पडल्या पडल्या टाळी ऐकू आली, म्हणून तो पडूनच राहिला.

नंतर ग्रीनरूममध्ये रीघ लागली. एक आजी तिचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाई गं, डोळ्यांत काय तो अंगार! कुठून आणतेस?"

"ड्रॅगन मार्टमधून," नीलिमा म्हणाली.

*

परतीच्या वाटेवर दर्शन समोर बघून गाडी चालवत होता आणि त्याचे खांदे हलत होते. पर्णिका म्हणाली, "आजी, यू वेअर सॅव्हेज." ही शिवी आहे की कौतुक, हे मला कळलं नाही. नीलिमा बाहेरचे दिवे बघत होती. अल नहद्याचे टॉवर दिसायला लागले, तेव्हा ती काचेकडे तोंड करून, माझ्याशी नव्हे, म्हणाली, "मेले नाही या वेळी."

आणि हसली. मग दांडी आठवून तिनं हसू आवरलं.

आता अबू धाबीच्या मंडळानं प्रयोग मागितला आहे. एकच अट. नळी तश्शीच पडली पाहिजे, त्याच वाक्याला! संजनानं मला 'टेक्निकल हेड' केलं आहे. तेल किती, दिवा कुठे, किती अंक तापवायची, याचे प्रयोग चालू आहेत. ममता दिव्याच्या बटणापाशी बसते, तिचं मनगट त्या कामी फार उपयोगी आहे. दांडी आता मंडळाची मालमत्ता झाली. ती घरी येणार नाही.

तेव्हा वाचकहो, लाकूड आणि लोखंड यांच्याविषयी मला जे सांगायचं होतं, ते राहू द्या. एकच विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी ड्रॅगन मार्टकडे जाणार असेल, तर सोनेरी, वेलबुट्टीची, टोकाला कमळाची कळी असलेली पडद्याची एक दांडी बघा. हल्ली मला हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची शिक्षा आहे, खिडकी पूर्वेला आहे, आणि चादर पहाटे पडते.

दांडी नाहीच मिळाली, तर निदान चिकटपट्टी तरी आणा. रुंद बघून.